खालच्या कप्प्यातली दुनिया

रोल-प्लेइंग गेम म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर येतो तो स्क्रीन. पण बॉस, ओरिजिनल फंडा टेबलावरचा! चार-पाच दोस्त, कागद-पेन्सिल, मूठभर फासे. एक जण गोष्ट चालवणार, बाकीचे त्यातली पात्रं होणार. तलवार लागली की हुकली, ते फासे सांगणार. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि मागोमाग असे ढीगभर खेळ निघाले. बरेचसे लोक विसरूनही गेले. मला नेमके तेच जमवायचा नाद!

'बनीज अँड बरोज' (१९७६) घ्या. यात तुम्ही शूरवीर वगैरे नाही, चक्क ससे! 'वॉटरशिप डाउन' कादंबरीवरून सुचलेला खेळ. तलवार नाही, जादूचा दिवा नाही. कोल्हा आला की डोकं चालवायचं, नाहीतर धूम ठोकायची. अप्रेझलच्या आठवड्यात खेळायला एकदम मस्त!

'इंडियाना जोन्स' (१९८४) मात्र सपशेल आपटला. स्वतःचं पात्र बनवायची सोयच नाही. इंडी किंवा त्याचे साथीदार व्हा, संपलं. लायसन्स संपल्यावर उरलेला माल कंपनीच्या ब्रिटिश ऑफिसात नष्ट केला गेला. जळक्या तुकड्यावर नावाची शेवटची अक्षरं तेवढी वाचली, 'डियाना जोन्स'! २००१ मध्ये त्याच नावाने गेमिंगमधलं एक अवॉर्ड सुरू झालं.

पण सगळ्यात जड डबा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'चा (१९७५). एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक, उर्दूची पाठ्यपुस्तकं लिहिणारे. त्यांनी 'टेकुमेल' नावाचं अख्खं जग रचलं: देव, घराणी, नकाशे, वर 'त्सोल्यानी' नावाची व्याकरणासकट भाषा. युरोपी किल्ले-राजकन्या नाहीत. भारत, इजिप्त, माया संस्कृतीचा वास. आपल्याकडच्या वाचकाला हे जग चटकन ओळखीचं वाटतं.

आणि मग २०२२. याच बार्करनी १९९१ मध्ये टोपणनावाने एक नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच जाहीर मान्य केलं. बार्कर २०१२ मध्येच गेले. जाब विचारणार कुणाला?

डबा फेकून द्यायचा का? मी नाही फेकला. पुस्तक एकट्याने वाचता येतं, पण हा खेळ माणसं जमवल्याशिवाय जिवंतच होत नाही. म्हणजे टेबलाशी बोलावलेल्या प्रत्येकासमोर मी त्या जगाची शिफारस करत असतो. म्हणून माझा नियम साधा: आधी हे सगळं सांगायचं, मग विचारायचं, खेळायचं का? एकानेही मान हलवली तर झाकण बंद, कुरकूर नाही.

ससे असतातच की शेजारी. येत्या वीकएंडला चार टाळकी जमवा, मोबाइल लांब ठेवा आणि व्हा ससे!