ताईची सही

आई-वडिलांच्या पश्चात साताऱ्याचं घर विकायचं ठरलं आणि आम्हा तिघा भावांचं आयुष्यात प्रथमच एकमत झालं. कशावर? तर ताईने हक्कसोडपत्रावर सही करावी यावर! वहिनींनी तर तिच्या पैठणीचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

अहो, बँकेत सहीची एक वेलांटी चुकली तर मी माणसाला पाचशे रुपये देत नाही. इथे पैठणीवर पाव घर? मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू बापाच्या स्वकष्टाच्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा १९५६ सालचा. म्हणजे ताईपेक्षाही थोरला! निदान वडीलधारा म्हणून तरी त्याचा मान ठेवा. वडिलोपार्जित घराचं म्हणाल, तर तीही पळवाट २००५ साली देशभर बुजली. वाटा मागितला की माहेर तुटतं म्हणे. आणि आम्ही तिघे घेतो तेव्हा नाही तुटत?

हे सारं मी जेवताना तावातावाने बोललो. आमटी वाढता वाढता बायको म्हणाली, "माझ्या सहीच्या वेळी हे भाषण कुठे होतं?"

गेल्या वर्षी रजिस्ट्रार कचेरीत तिला स्कूटरवरून मीच नेलं होतं. मेहुण्यांनी तिला पैठणी दिली. मला शर्टपीस.