आज रात्री कुठला लावायचा?

आमच्या विंगमध्ये हॉरर पिक्चर बघायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ तो ठरवायला जातो. शनिवारी रात्री मेसमधून आलं की कोपऱ्यातल्या रूममधल्या कॉट भिंतीला सरकतात, गाद्या खाली येतात, खिडकीला चादर लागते, कुणाचा तरी लॅपटॉप, कुणाचे तरी स्पीकर... आणि मग सुरू! "हा बघितलाय." "तो जाम बोअर आहे." "यात भूत दिसतच नाही रे!" शेवटी साडेअकराला वैतागून त्यातल्या त्यात जास्त रक्तवाला पिक्चर लागतो आणि अर्ध्या तासात निम्मी जनता मोबाईलमध्ये, उरलेली घोरत.

गेली तीन वर्षं हे ठरवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे आलंय. कारण एवढंच की हार्ड डिस्क माझी आहे. त्या अनुभवातून माझी काही मतं झालीत, ती इथे मांडतो. ज्यांना पटणार नाहीत त्यांनी रूमवर यावं. चहा तुमच्याकडून.

पहिलं मत म्हणजे रक्ताचा आणि भीतीचा फारसा संबंध नाही. उदाहरण आमच्या मेकॅनिकलचंच देतो. १९७५ साली स्पीलबर्गने 'जॉज' काढला. त्यासाठी हवेच्या दाबावर चालणारे यांत्रिक शार्क बनवून घेतले. गोड्या पाण्यात बरे चाललेले हे शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उतरवल्यावर सारखे बंद पडू लागले. मग करायचं काय? शार्क दाखवायचाच नाही! नुसतं पाणी, पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं आणि ते संगीत. तासाभराहून जास्त वेळ तो मासा नीट दिसतच नाही, आणि तोवर बघणाऱ्याचे पाय गादीवर वर घेतलेले असतात. मशीन धड चाललं असतं तर पिक्चर पडला असता असं माझं प्रामाणिक मत आहे. (व्हायव्हाला हे उत्तर देऊ नये.)

दुसरं, आवाज. 'सायको'मधला (१९६०) बाथरूमचा सीन हिचकॉकला आधी संगीताशिवाय ठेवायचा होता. बर्नार्ड हरमननं त्यावर व्हायोलिनचे ते किंचाळणारे सूर बसवले आणि हिचकॉकला मत बदलावं लागलं. आवाज बंद करून तो सीन बघा, पडद्याची हलवाहलव आणि थोडं चॉकलेट सिरप एवढंच उरतं. रक्त म्हणून तेच वापरलं होतं. तेव्हा लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरवर हॉरर लावणाऱ्यांना माझा विरोध आहे.

आवाजावरून आणखी एक. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला व्हिक टँडी नावाचा इंजिनीअर होता. तो काम करायचा ती लॅब झपाटलेली आहे असं तिथली मंडळी म्हणायची. एका रात्री त्यालाही घाम फुटला, डोळ्यांच्या कोपऱ्यात करडं काहीतरी हलल्यासारखं वाटलं, मान वळवली तर कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तलवारबाजीचं पातं व्हाइसमध्ये आवळलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. आपण पळालो असतो. त्यानं शोध घेतला. नवीन बसवलेल्या एक्झॉस्ट फॅनमुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची, कानाला ऐकू न येणारी स्टँडिंग वेव्ह तयार झाली होती. फॅनच्या बसवणुकीत बदल केला, भूत गेलं. १९९८ साली त्यानं यावर पेपर लिहिला. त्याचा निष्कर्ष सगळ्यांना पटलेला नाही, पण आपल्या मेसच्या एक्झॉस्टखाली उभं राहिलं की मला मात्र पटतो.

तिसरं मत जरा वादाचं आहे. पिक्चर जिथला आहे तिथल्यासारख्या जागी तो बघावा. 'कॉन्ज्युरिंग' (२०१३) चांगलाच आहे, पण त्यातलं तळघर आपल्यातल्या किती जणांच्या घरी आहे? त्यापेक्षा रामगोपाल वर्माचा 'भूत' (२००३) मुंबईतल्या टॉवरमध्ये घडतो, एकही गाणं नाही, आणि तो बघून झाल्यावर लिफ्टनं एकट्यानं जाऊन दाखवा. पाऊस पडत असेल तर त्याचाच 'कौन' (१९९९). एक घर, तीन माणसं, बाहेर मुसळधार, दीड तासात मोकळे. 'तुंबाड'ही (२०१८) पावसाळ्यातच. त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आणि प्रेरणा नारायण धारपांच्या कथांची, म्हणजे माल आपल्याच मातीतला. २०२४ साली तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा आम्ही सबमिशन सोडून गेलो होतो.

आणि 'लपाछपी' (२०१७)! उसाच्या फडात घडणारा मराठी पिक्चर. पुढे त्याच दिग्दर्शकानं हिंदीत तो 'छोरी' (२०२१) म्हणून केला. आमच्या विंगमधल्या एका सांगलीकरानं तो सुट्टीच्या आदल्या रात्री बघितला. घरी गेल्यावर उसाला पाणी द्यायची पाळी त्याची, आणि शेतीची लाइट रात्रीची. गडी बांधावर बॅटरी घेऊन उभा, आत जायचं नावच नाही. वडिलांनी जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही.

दिवाळीला घरी सगळ्यांबरोबर बघायचा असेल तर 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) लावा, आई-मावशी मागच्या गाण्यांसकट सोबत बसतील. परीक्षा संपल्याच्या रात्री मात्र रामसे बंधूच. 'पुराना मंदिर'मधला (१९८४) तो उंचच्या उंच सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल रुडकीचा सिव्हिल इंजिनीअर. प्लेसमेंटची काळजी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

इथपर्यंत गंमत झाली. आता जे लिहिण्यासाठी खरं म्हणजे बसलो ते.

मागच्या वर्षी एका शनिवारी मी असाच एक पिक्चर लावला. नाव सांगत नाही, तसले डझनभर आहेत. केस मोकळे सोडलेली बाई, घोगरा आवाज, मांत्रिक तिला केसांना धरून ओढतो, छडीनं मारतो आणि "बोल, कोण आहेस?" विचारतो. रूममध्ये शिट्ट्या, नकला, नुसता धिंगाणा. सेकंड इयरचा एक ज्युनिअर मधेच उठून गेला. "फाटली रे याची!" म्हणून आम्ही ओरडलो. एवढ्यावर थांबायचं तर तेही नाही. रात्री दोनला मी चादर अंगावर घेऊन त्याच्या दारावर नखं ओढायला गेलो.

तो रूममध्ये नव्हताच. जिन्यात बसून फोनवर बोलत होता. मला चादरीत बघून घाबरला वगैरे काही नाही. फक्त बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनला त्यानं सांगितलं. त्याच्या बहिणीला बारावीत असताना भास व्हायला लागले होते. घरच्यांनी वर्षभर देवर्षीकडे नेलं. अंगारा झाला, मग उपास, मग छडी. पुढे कुणीतरी शहाण्या माणसानं डॉक्टरकडे पाठवलं. आज ती गोळ्या घेते आणि बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, तुम्ही जिथं हसत होता ना, तिथं मी तिचे हात धरून बसलो होतो," तो म्हणाला. मला चहा संपवता आला नाही. (हे सगळं त्याला विचारूनच लिहितोय. त्यानं मजकूर वाचलाय, एक वाक्य खोडलंय.)

मग असले पिक्चर बघायचेच नाहीत का? मी असं म्हणत नाही. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मीही दोनदा बघितलाय, तोंडातून वाफ दिसावी म्हणून सेटवरची अख्खी खोली गोठवली होती हे कळल्यावर तिसऱ्यांदाही बघीन. पण आपल्याकडे 'अंगात येणं' ही फक्त पडद्यावरची गोष्ट नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो कायदा करावा लागला यातच सगळं आलं. मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३) आणि त्यावरून निघालेला 'भूल भुलैया' (२००७) यांत तरी शेवटी बाई आजारी आहे असं सांगणारा डॉक्टर येतो. (बघितला नसेल तर सॉरी, पण इतक्या वर्षांत बघायला हवा होता.) त्यातले उपचार खऱ्या डॉक्टरांना हसू आणतील असे आहेत, ते सोडा. निदान छडी नाही.

म्हणून आमच्या विंगमध्ये आता लावणाऱ्यानं आधी दोन वाक्यांत पिक्चरमध्ये काय आहे ते सांगायचं. शेवट फोडायचा नाही, पण झपाटणं, मारहाण, लहान मूल दगावणं असलं काही असेल तर सांगायचं. दाराला कडी नाही. उठून जाणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही, आणि पिक्चर संपल्यावर फर्स्ट इयरच्या दारावर टकटक बंद. काही जण म्हणतात यानं मजा जाते. मला उलट दिसतंय. पूर्वी आम्ही आठजण असायचो, आता गाद्या पुरत नाहीत. आधी न येणारे येतात, कारण नको झालं तर उठता येतं. घाबरायला जमलोय खरं, पण ते ज्याचं त्यानं ठरवून.

यावरून रेक्टर सरांना एक विनंती. कॉमन रूमचा प्रोजेक्टर शनिवारी रात्री एकपर्यंत मिळाला तर आमच्या कॉट वाचतील. आवाज कमी ठेवू. 'कमी' म्हणजे किती यावर चर्चा होऊ शकते.

येत्या शनिवारी निवड त्या ज्युनिअरची आहे. त्यानं 'कौन' सांगितलाय. पावसाचा अंदाजही आहे. साडेनऊला सुरू, भजी वॉचमन मामांच्या ओळखीच्या गाडीवरून येणार, वर्गणी आधी द्यावी. हार्ड डिस्क मी आणतो, स्पीकरचं कुणीतरी बघा.