पाण्याकाठची फरसबंदी

अमुक फरसबंदी पन्नास वर्षे हलणार नाही असे छातीठोक सांगणारा गवंडी आणि अमुक तिथीस पाऊस पडेल असे सांगणारा ज्योतिषी, ह्या दोघांच्या बोलण्यावर शहाण्या गृहस्थाने सारखाच विश्वास ठेवावा. दोघेही पाण्याविषयी बोलत असतात, आणि पाणी कोणाचेच ऐकत नाही.

हा विषय ह्या सदरात घेण्यास कारण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र. हा गृहस्थ अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानात स्थायिक झाला आहे. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश उतरला तरी कोणी नवल मानीत नाही. अशा मुलखात त्याने घरामागे मुलांसाठी पोहण्याचा लहानसा तलाव बांधविला आणि त्याच्या चारी अंगांना काँक्रीटची फरसबंदी करविली. तिसरा हिवाळा सरला तेव्हा तिच्या अंगावरून पोपडे सुटू लागले, आणि एक कोपरा तर बोटभर वर उचलला गेला. त्याची वृद्ध आई येत्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जावयाची आहे. तिची नजर मंद, पायांत पूर्वीची शक्ती नाही. त्या उचललेल्या कोपऱ्याला तिचा पाय अडखळला तर काय, हीच त्याची खरी काळजी. पैसा दुय्यम.

संस्कृत शिकविणाऱ्या माणसास असला प्रश्न का विचारावा, अशी शंका वाचकांस येईल. त्याचे असे झाले की, त्याच सुमारास त्याच्या वाशीमच्या वाड्यात विहिरीभोवतीचा ओटाही फाटला होता, आणि शेजारधर्म म्हणून तो पाहावयास मला बोलावणे आले होते. ह्या वाड्यात आजही दोन्ही वेळा पंधरा पाने मांडली जातात. पूर्वी तेथे दगडी ओटा होता. चार वर्षांपूर्वी धाकट्या मंडळींच्या आग्रहाने तो काढून गुळगुळीत काँक्रीटचा केला. आता त्यास अशी भेग पडली आहे की, पोर सहज हाताची बोटे आत घालते. थोरले काका म्हणतात, दगड काढला हेच चुकले. धाकटे म्हणतात, ठेकेदाराने सिमेंट कमी घातले. काकू मात्र काही न बोलता देवपूजेचे आणि पिण्याचे पाणी अजून त्याच विहिरीतून ओढतात. ओट्यावर धुण्याभांड्याचे जे पाणी सांडते, ते आता भेगेवाटे कोठे जाते, हा प्रश्न मात्र कोणीच विचारला नव्हता. ते सरळ विहिरीकडे जाते. विषमज्वर आणि कावीळ ह्यांना घरात येण्यास ह्याहून प्रशस्त दरवाजा नको.

अमेरिकेतील फरसबंदी थंडीने फुटली आणि वाशीमची उन्हाने, असे घरच्या मंडळींचे मत पडले. मला ते पटत नाही. दोन्हीकडे अपराधी पाणीच आहे. एकीकडे ते गोठले, दुसरीकडे ते मातीत शिरले आणि पुन्हा मातीतून निघून गेले.

प्रथम गोठण्याचे पाहू. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काँक्रीट दिसावयास दगडासारखे, परंतु त्याच्या पोटात केसाहून बारीक अशा असंख्य नळ्या असतात. ओलसर काँक्रीट गोठले की त्या नळ्यांतील पाण्यास फुगावयास जागा राहत नाही, आणि ते आतून भिंतींवर रेटा देते. एका रात्रीत काही दिसत नाही. पण दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे हा क्रम हिवाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस पुनःपुन्हा चालतो, आणि प्रत्येक वेळी वरचा पापुद्रा थोडा थोडा सुटत जातो. अखंड कडाक्याच्या थंडीपेक्षा हे येणेजाणेच अधिक घातक. पोहण्याच्या तलावाकाठची फरशी तर नित्य भिजलेली. म्हणून रस्त्याहून तिची दशा वाईट होते.

ह्यावरचा उपाय ज्या रीतीने सापडला ती हकीकत मोठी गमतीची आहे. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क संस्थानातील काही काँक्रीटचे रस्ते इतर रस्त्यांपेक्षा पुष्कळच टिकाऊ ठरल्याचे दिसून आले. शोध घेता कळले की, त्यांचे सिमेंट दळताना चक्कीत गुरांची चरबी टाकण्यात येत असे. दळण सुलभ व्हावे, एवढाच त्यात हेतू. पण त्या चरबीमुळे काँक्रीट कालविताना साबणाच्या फेसासारखे अतिसूक्ष्म बुडबुडे उत्पन्न झाले आणि तसेच घट्ट बसले. गोठणाऱ्या पाण्यास शेजारीच रिकामी खोली मिळाली. मग भिंत फोडण्याचे त्यास कारण उरले नाही. सोवळ्यातील वाचकांनी घाबरू नये. पुढे ह्या कामासाठी पाइन वृक्षाच्या खोडांपासून काढलेली राळ वापरण्यात येऊ लागली, आणि आता तर नाना प्रकारची रसायने बाजारात आहेत. आपल्याकडील आयएस ४५६ ह्या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीतही, जेथे ओले काँक्रीट गोठते अशा ठिकाणी २० मिलिमीटर खडीच्या काँक्रीटात ५ टक्के, एखादा टक्का इकडेतिकडे, इतकी हवा मुद्दाम राखावी असे सांगितले आहे. हिमालयाच्या कुशीत बांधकाम करणाऱ्यांस हे कलम उपयोगी. वाशीमकरांस नाही, कारण आमच्याकडे पाणी गोठते ते फक्त शीतकपाटात.

राळेचे नाव निघाले म्हणून एक जाता जाता सांगतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती दिली आहे. कच्चे टेंभुर्णीचे फळ, कच्चे कवठ, सावरीची फुले इत्यादिकांचा काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावा, त्यात गुग्गुळ, बिब्बा, सर्जरस म्हणजे राळ वगैरे मिसळावे, आणि हा लेप तापवून देवालये, मूर्ती, भिंती आणि विहिरी ह्यांस द्यावा, असे तो सांगतो. विहिरींचा उल्लेख आहे हे ध्यानात घ्यावे. ह्यावरून आमच्या पूर्वजांस हवेच्या बुडबुड्यांचे शास्त्र अवगत होते असा डंका पिटणारे लोक भेटतील. तसे काही नाही. वज्रलेप वरून पाणी अडवितो. राळेचे बुडबुडे आत शिरलेल्या पाण्यास जागा देतात. कामे दोन, युक्त्याही दोन.

हवेचा बंदोबस्त झाला तरी पाण्याचे माप चुकले तर सर्व व्यर्थ. थंड मुलखातील फरसबंदीस सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून अधिक पाणी नसावे, असा नियम आहे. म्हणजे पन्नास किलोच्या एका गोणीस साडेबावीस लिटर, आणि त्यात वाळूतील ओलही आलीच. आता आमचा गवंडी काय करतो? घमेले उचलणाऱ्या बायांना आणि थापी फिरविणाऱ्या त्याच्या हाताला सोपे जावे म्हणून बादलीमागून बादली ओततो. काँक्रीट आमटीसारखे वाहते आणि मालक खूश होतो. जे जादा पाणी पुढे सुकून उडून जाते, तेच मागे त्या केसाएवढ्या नळ्या ठेवून जाते. ओट्याच्या बाबतीत धाकट्या मंडळींनी सिमेंटवर घेतलेला संशय मला म्हणूनच अर्धा खरा वाटतो. सिमेंट कमी नसेलही. पाणी खात्रीने जास्त होते, असे त्या भुसभुशीत कडेवर नख ओढताच दिसले.

दुसरा रोग चकाकीचा. काँक्रीट टाकल्यावर त्याच्या अंगावर पाणी सुटते. ते आटण्यापूर्वीच गवंडी वर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटाई सुरू करतो, कारण घरातील सर्वांस आरशासारखी फरशी हवी असते. ह्याने वरचा थर दुबळा होतो, राखलेली हवा घोटून निघून जाते, आणि पोपडे सुटतात ते नेमके त्याच थराचे. शिवाय पाण्याकाठी आरसा कशाला? तेथे ओले पाय फिरावयाचे. पाणी आटल्यावर लाकडी गुरमाळ्याने सपाट करून वरून खराट्याच्या बारीक रेघा ओढाव्या. दिसावयास ओबडधोबड, पण म्हाताऱ्या माणसाचा पाय तेथे ठरतो. त्यानंतर निदान सात दिवस ओले गोणपाट घालून ठेवावे. थंड मुलखात हेच काम उबदार पांघरुणांनी होते, कारण कोवळे काँक्रीट बळ येण्यापूर्वी एकदा जरी गोठले तरी जन्माचे अधू राहते.

पण पोपड्यांपेक्षा उचललेला कोपरा अधिक विचार करावयास लावणारा आहे. तो वरून नव्हे, खालून बिघडला. माती गोठली की तीतील पाणी ९ टक्के फुगते म्हणून जमीन उचलते, असा पूर्वी समज होता. १९३० च्या आगेमागे स्टीफन टेबर ह्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने असे द्रव घेतले की जे गोठताना फुगत नाहीत, उलट आकसतात. तरीही माती उचललीच! कारण गोठण्याच्या जागी खालून ओल सारखी वर ओढली जाते आणि मातीत बर्फाच्या चकत्या साचत जातात. म्हणून फरशीखाली बारीक माती नसावी. दहा-पंधरा सेंटिमीटर जाड खडीचा थर असावा, म्हणजे ओल वर चढत नाही आणि उतरलेले पाणी निघून जाते.

येथे वाशीमची गोष्ट मिनेसोटास येऊन भिडते. आमच्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. मृगाचे पाणी पिऊन ती फुगते आणि वैशाखात अशी आकसते की शेतातील भेगेत काठी उभी जाते. तिच्यावर ठेवलेली फरशी दरसाल वरखाली होणारच. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक रा. कृ. कट्टी ह्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ह्यावर दीर्घ संशोधन केले, आणि काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर थर दाबून बसविला की खालच्या मातीचा उपद्रव शमतो, असे दाखविले. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर ती रीत वापरण्यात आली. आमच्या भागातील चांगला चिकट मुरूम हेच काम करतो. वाड्यातील ओट्याखाली मात्र मी कुदळ मारून पाहिली, तो दोन बोटांखाली काळी मातीच. दगड काढताना त्याखालचा जुना मुरूमही खरवडून नेला होता. तेव्हा थोरल्या काकांचे म्हणणे अर्धे खरे, आणि दोन अर्धी मिळून वादाचा निकाल लागला.

दगडाचा कैवार घेणाऱ्यांनी आमच्या पद्मतीर्थाच्या किंवा बालाजीच्या देवतलावाच्या पायऱ्या जरूर पाहाव्या. दगडी पायरीचे खरे बळ तिच्या सांध्यांत आहे. जमीन हलली तर एक चिरा हलतो आणि त्यास पुन्हा बसविता येतो. काँक्रीटची फरशी ही एकसंध. तिला सांधे आपण द्यावे लागतात, नाहीतर ती आपले सांधे आपणच पाडून घेते, आणि त्यांनाच आपण भेगा म्हणतो. दहा सेंटिमीटर जाडीच्या फरशीस तीन मीटरांच्या आत, जाडीच्या चौथाई खोलीचे सांधे असावे. तलावाच्या किंवा विहिरीच्या भिंतीशी तर तिची गाठ कधीच बांधू नये. मध्ये फट राखून तीत रबरासारखा लवचीक मसाला भरावा. उतार पाण्यापासून दूर, मीटरास दोन सेंटिमीटर, आणि उताराच्या टोकाशी पन्हळ.

विद्यार्थ्यास मी कळविले की, सगळी फरसबंदी उखडू नये. उचललेला तेवढा तुकडा काढून खालची माती बदलावी, छपरावरचे पाणी त्या कोपऱ्यात पडत असल्यास ते आधी वळवावे. पोपडे वरवरचे असतील तर तो भाग पुढे पाहता येईल. हिवाळ्यात बर्फ वितळविण्यास मीठ टाकीत असेल तर ते बंद करावे आणि पाय घसरू नये म्हणून वाळू पसरावी, कारण मीठ पोपडे वाढविते आणि आतील लोखंडही गंजविते. आई पोचण्यापूर्वी कोपरा न झाल्यास कड घासून उतरती करावी आणि तेवढ्या जागी एक मोठी कुंडी ठेवावी. तुळशीची मिळाली तर त्या आपणच वळसा घालून जातील.

वाड्यातील ओटा दिवाळीनंतर, जमिनीतील ओल स्थिरावल्यावर, निदान दोन हात माती काढून करावयाचे ठरले आहे. भेगाळलेल्या जमिनीवर चैत्र-वैशाखात तो करू नये. तोपर्यंत विहिरीपाशी धुणेभांडे बंद, आणि पिण्याचे पाणी उकळून. काकूंनी पूजेचे पाणीही उकळावे का असे विचारले. तीर्थ घरातील पोरे पितात, म्हणून तेही उकळावे, असे मी सांगितले.