जुने औषध, नवा आधार
नियमित औषधोपचाराने एचआयव्हीचा विषाणू आटोक्यात राहतो. तथापि शरीरातील सुप्त दाह पूर्णतः शमत नाही आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कोलेस्टेरॉल कमी करणारे ‘पिटाव्हास्टॅटिन’ हे जुने औषध येथे उपयोगी पडेल काय, हे ‘रिप्रीव्ह’ चाचणीत तपासले गेले. भारतासह १२ देशांतील, ४० ते ७५ वयोगटातील ७,७६९ बाधित व्यक्ती तीत सहभागी झाल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रोज ४ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत हृदयाघात, पक्षाघात आदी गंभीर घटनांचा धोका ३५ टक्क्यांनी कमी आढळला. मधुमेहाचे प्रमाण मात्र किंचित वाढले. जमेबरोबर नावेची बाजूही पाहावी लागते. म्हणून निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा. लोकलज्जेपोटी तो सल्लाच टाळणे, हा मात्र निव्वळ तोटा होय.