चाबूक गेला, छडी उरली

स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५५ साली फटक्यांच्या शिक्षेचा कायदा रद्द केला. ब्रिटिश अमदानीत चोरीसारख्या गुन्ह्यांसाठी माणसाला फटके मारण्याची शिक्षा न्यायालये देऊ शकत. ही रानटी प्रथा नव्या प्रजासत्ताकाला शोभत नाही, हे संसदेने मान्य केले. मात्र मद्रासच्या शिक्षण नियमावलीतील ५१ वा नियम त्यानंतरही जागच्या जागी राहिला. हेतुपुरस्सर खोटे बोलणे, अश्लील शब्द वा कृती आणि उघड अवज्ञा अशा अपराधांसाठी विद्यार्थ्याच्या हातावर छडीचे सहापर्यंत फटके मारण्याची मुभा त्या नियमाने दिली होती. फटके मुख्याध्यापकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली मारायचे, एवढीच काय ती अट! न्यायालयाने दोषी ठरवलेल्या चोराची पाठ सुटली. खोटे बोलणाऱ्या शाळकरी पोराचा तळहात मात्र छडीखालीच राहिला.

हा नियम बदलला २००३ साली, म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी. तोही राज्यकर्त्यांना आपणहून सद्बुद्धी सुचली म्हणून नव्हे. त्या वर्षी चेन्नईतील एका विद्यार्थ्याने शाळेतील शिक्षेनंतर आत्महत्या केली आणि सारे शहर हादरले. त्यानंतर मुलाला शारीरिक वा मानसिक यातना न देता सुधारावे, असा पाठ नियमावलीत आला. एका बालकाचे प्राण गेल्यावाचून ज्या व्यवस्थेचे डोळे उघडत नाहीत, तिने शिस्तीची प्रवचने झोडावीत, हा निव्वळ दांभिकपणा होय.

वसुलीचे हत्यार

छडीचे समर्थक तिला गुरुकुलाची परंपरा म्हणतात. त्यांनी मद्रासचाच इतिहास उघडून पाहावा. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने १८५५ साली आपला अहवाल दिला. कंपनी सरकारचा सारा वसूल करण्यासाठी रयतेचा सर्रास छळ होतो, हे खुद्द सरकारी आयोगालाच नमूद करावे लागले. दोरीने किंवा त्याच्याच अंगावरच्या वस्त्राने शेतकऱ्याला ओणवे बांधून ठेवणे हा त्यातील एक प्रकार. कार्ल मार्क्सने १८५७ च्या सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मधील लेखात हीच सरकारी कागदपत्रे जगापुढे ठेवली. भारतातील उठावाच्या क्रौर्याबद्दल गळा काढणाऱ्या इंग्रज राज्यकर्त्यांना त्याने त्यांचेच रूप आरशात दाखवले.

वर्गात अंगठे धरून ओणव्या उभ्या केलेल्या मुलाची आणि साऱ्यासाठी ओणव्या बांधलेल्या रयतेची शरीरस्थिती सारखी दिसते, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. दोन्ही ठिकाणी दुबळ्याचे शरीर वाकवून त्याला त्याची पायरी दाखवली जाते. छडी आज्ञापालन शिकवते, विचार शिकवत नाही. मुकाट्याने मार खाणारा विद्यार्थी उद्या मुकाट्याने मजुरी कापून घेणारा कामगार व्हावा, यात मालकवर्गाचे हित आहे, कामगारवर्गाचे नाही.

कागदावरचा हक्क

कायद्यांची उणीव आहे असेही नाही. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ साली स्वीकारला. शिक्षणहक्क कायदा, २००९ चे १७ वे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. तरीही एप्रिल २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे तामिळनाडूच्या शाळांत अमलात आणा, असा आदेश द्यावा लागला. नियम बदलून २१ वर्षे लोटल्यावर न्यायालयाला हे सांगावे लागते, यातच सारे आले.

हा प्रश्न एकट्या चेन्नईचा नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारणा झाली. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी, म्हणजे तिघांपैकी जवळजवळ दोघांनी, शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले.

कायद्याची पळवाटही नीट पाहिली पाहिजे. १७ व्या कलमाचा भंग करणाऱ्यावर त्याच्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. म्हणजे हात उगारणारा शिक्षक सापडतो. पण निकालाच्या टक्केवारीसाठी त्याच्या मानेवर बसलेला संस्थाचालक नामानिराळा राहतो. याच कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक ठरवून दिला आहे. जेथे एकाच शिक्षकाच्या गळ्यात दोन-दोन वर्ग बांधले जातात आणि त्याची नोकरीही कंत्राटी असते, तेथे छडी हे सरकारच्या काटकसरीचेच साधन बनते.

सबबीला जागा नाही

परंतु एवढ्यावरून शिक्षकाला दोषमुक्त करणे ही संधिसाधू भूमिका ठरेल. ‘छडी गेली आणि शिस्त बुडाली’ ही ओरड शिक्षक संघटनांमध्येही ऐकू येते. पुरोगामी म्हणवणारेही तिला मान डोलावतात. व्यवस्थेने पिळलेल्या माणसाला आपल्याहून दुबळ्याला पिळण्याचा परवाना मिळत नाही. मुकादमाची शिवी खाऊन घरी आलेला कामगार पोरावर हात टाकतो, तेव्हा तो मुकादमाचेच काम घरात पुढे चालवतो. ज्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, ते पहिल्या पिढीचे मूल वर्गात अडखळते आणि मार त्याच्याच वाट्याला येतो. शेवटी तेच शाळा सोडते.

सोव्हिएत सत्तेने १९१८ सालीच, यादवी युद्ध व उपासमारीच्या काळात, आपल्या शाळांतून शिक्षा हद्दपार केल्या. मकारेंकोने एका मुलाला मारल्याची हकीगत स्वतःच लिहिली आहे आणि छडीचे समर्थक तिचा दाखला देतात. पण ती हकीगत त्याने आपल्या हतबलतेची कबुली म्हणून लिहिली, अध्यापनाची पद्धत म्हणून नव्हे.

स्वीडनने १९७९ साली घरातील मारालाही मनाई केली. आपल्याकडे मात्र भारतीय दंड संहितेच्या ८९ व्या कलमातील तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २७ व्या कलमात जशीच्या तशी उतरली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, सद्भावनेने केलेल्या कृत्याला ती संरक्षण देते. मारणाऱ्याने सद्भावनेचा आडोसा घ्यावा, यासाठी ही फट पुरेशी आहे. गुलामीच्या खुणा पुसल्याचा ढोल पिटणाऱ्यांना नेमकी हीच खूण पुसावीशी वाटली नाही!

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. मुलावरील मार सद्भावनेच्या संरक्षणातून वगळा. संस्थाचालकांना जबाबदार धरा. रिक्त जागा कायम शिक्षकांनी भरा. प्रत्येक शाळेत पालक व विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असलेली देखरेख समिती नेमा. शिक्षक आघाडीवरील साथींनी आपल्या संघटनांत छडीविरुद्ध ठराव आणावेत, वस्ती शाखांनी मार खाणाऱ्या मुलाच्या पालकांमागे उभे राहावे.

आणि प्रत्येक सभासदाने आपल्या घरापासून आरंभ करावा. चौकातील सभेत दडपशाहीचा धिक्कार करून घरी परतणाऱ्या बापाच्या पावलांच्या आवाजाने मूल दचकत असेल, तर ती सभा फुकट गेली.