जागल्याच्या पाठीशी कोण?

पूर्वी गावाला जागल्या असायचा. रात्री गस्त घालायचा, चोर दिसला की हाळी द्यायचा आणि गाव काठ्या घेऊन धावायचं. संस्थेतली चोरी आतून पाहून जो बोलतो, त्यालाही आज मराठीत ‘जागल्या’च म्हणतात. पण दवाखान्यातल्या जागल्यानं हाळी दिली, तर आधी त्याच्याच नोकरीवर गदा येते. हा जागल्या बऱ्याचदा नर्स असते, आया असते. म्हणून हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे.

आरोग्यविम्यातल्या लबाडीची बातमी आली की आकडे येतात, ते पैशांचे. २०२३ साली ‘कॅग’नं आयुष्मान योजनेबद्दल अहवाल दिला. आधी मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेल्याचं त्यात आहे. सरकारचा पैसा म्हणजे आपलाच पैसा. पण जिवंत बाईच्या शरीरातून काय गेलं, ते कोणत्या हिशेबात धरायचं?

२००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. गरीब कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं कार्ड आणि शस्त्रक्रियेमागे दवाखान्याला ठरलेली रक्कम. पुढे बिहार, छत्तीसगड, राजस्थानात गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्याच्या, त्यातून विम्याचा पैसा लाटल्याच्या तक्रारी झाल्या. राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ एप्रिल २०२३ ला निकाल लागला: राज्यांनी तीन महिन्यांत मार्गदर्शक सूचना लागू कराव्यात, दोषी दवाखाने काळ्या यादीत टाकावेत. दहा वर्षं लागली! काढलेली पिशवी कोणता निकाल परत देणार?

आपल्याकडे बीडला २०१९ च्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तिथं अनेकींनी विम्यातून नव्हे, उचल किंवा कर्ज काढून पैसे भरले. पैसा कुणाचाही असो, कापली जाते बाईच.

आमच्या आटपाडीतून मोठ्या ऑपरेशनला माणसं मिरज-सांगलीला जातात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेनं अनेक घरं कर्जातून वाचवली, हे मी रोज पाहते. म्हणूनच ती पोखरली जाता कामा नये. पण कागदावर कोणतं ऑपरेशन लिहिलंय, असं बाईला विचारलं तर उत्तर येतं, “ते मालकांना ठाऊक.” फाइल घरधन्याच्या हातात, सही कोऱ्या जागेवर. लबाडीला याहून सोपं काय हवं?

आणि कायदा? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेनं केला, पण तो अमलात आणलेलाच नाही. आला तरी तो सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता. खाजगी दवाखान्यातल्या नर्सला त्याचा आधार नाही. अमेरिकेत १८६३ पासूनच्या कायद्यानं सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो. आपल्या नर्सला वाटा नको, निदान नोकरी तरी राहू द्या!

मैत्रिणींनो, सरकारकडे मागायचं ते मागूच: कायदा अमलात आणा, योजनेतल्या खाजगी दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना त्यात घ्या, तक्रार करणारीचं नाव गुप्त ठेवा. पण तोवर हात बांधून बसायचं का? बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीचा डिस्चार्ज कागद मोठ्यानं वाचूया. पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊया. योजनेत असूनही पैसे मागितले तर १५५३८८ वर किंवा १४५५५ वर तक्रार नोंदवूया. आणि एखादी नर्स घाबरत घाबरत काही सांगायला आली, तर तक्रार तिच्या एकटीच्या नावानं न जाता संघटनेच्या नावानं जाऊ दे.

हाळी एकीनं द्यायची, धावायचं मात्र सगळ्यांनी.