पिशवी फाडा, पण फेकू नका



मालदांडी ज्वारीचे बी आपण घरच्या कणगीतून काढतो. ते उगवले नाही तर भांडण कुणाशी करणार? कपाशीचे तसे नाही. संकरित बियाणे दर वर्षी दुकानातूनच आणावे लागते. पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा छापलेला असतो. तो कंपनीने दिलेला शब्द आहे. शब्द खोटा ठरला तर नुकसान कुणी सोसायचे?

आजवर उत्तर एकच मिळाले : ओल कमी होती, बी खोल पडले. शेतकीची पदवी घेऊन बांधावर हिंडताना सुरुवातीला आम्हीही हेच सांगत होतो. कधी ते खरेही असते. पण त्याच रानात, त्याच दिवशी, त्याच ओलीवर दुसऱ्या पिशवीचे बी उगवते आणि या पिशवीचे उगवत नाही, तेव्हा दोष शेतकऱ्याचा कसा?

आंध्रातले शेतकरी हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. समोर राष्ट्रीय बीज निगम होते. शेतकरी ग्राहक नाही, बियाण्यासाठी वेगळा कायदा आहे, नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, असे निगमाचे म्हणणे. १६ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाने ते सारे फेटाळले. शेतकरी ग्राहकच आहे. सगळे बी पेरून टाकणाऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाच चूक आहे.

निकाल आपल्या बाजूचा आहे. कमी पडतो तो कागद. बिल मागितले तर दुकानदार उधारी बंद करील, ही भीती आम्हाला ठाऊक आहे. पण पैसे दिलेले असोत वा द्यायचे कबूल केलेले असोत, कायदा दोघांनाही ग्राहक मानतो. म्हणून उधारीच्या मालाचेही बिल घ्या. त्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. रिकामी पिशवी व टॅग जपून ठेवा.

उगवण फसली तर रान मोडण्याआधी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तक्रार निवारण समिती पाहणीला येईल तेव्हा कंपनीलाही कळवायला लावा. पंचनाम्यात ओल, पेरणीची खोली, लॉट नंबर आणि शेजारच्या पिकाची उगवण लिहून घ्या. नुसते ‘उगवण कमी’ एवढेच लिहिले तर कंपनी पावसाकडे बोट दाखवून सुटते.

जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातच आहे. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील परवडत नसेल तर स्वतः उभे राहता येते.

पाऊस दडी मारतो, त्याचा दावा कुठे लावता येत नाही. पण छापलेला शब्द मोडणाऱ्यावर लावता येतो. येत्या बैठकीला प्रत्येक गावाने आपली बिले आणि पिशव्या घेऊन यावे. अर्ज तिथेच लिहू.